चोरासाठी लावलेला कॅमेरा

"म्हणजे चोर आलाच नाही?" कॅमेरावाल्याने शिडी भिंतीला टेकवत विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या.

"मग बिघडलं कुठे? फाटकाबाहेर कुणी थांबलं की फोन वाजतो. मी स्वतः उभा राहून दाखवलं होतं तुम्हाला."

काकू दाराची कडी उगाचच वरखाली करत राहिल्या. गल्लीत चोऱ्या फार वाढल्यात, असं त्यांनीच या माणसाला गेल्या आठवड्यात ठासून सांगितलं होतं. खरं तर गल्लीतून साधी सायकलही कधी चोरीला गेली नव्हती. बिचाऱ्याने विश्वास ठेवला, कॅमेरा रस्त्याकडे रोखला आणि घरातल्यांच्या जाण्यायेण्याने फोन सारखा कोकलायला नको म्हणून अंगण तेवढं सेन्सरमधून वगळून टाकलं. त्याच्या बाजूने काम चोख होतं. आणि काल भरदुपारी अण्णा, म्हणजे काकूंचे यजमान, त्याच वगळलेल्या अंगणातून निघून गेले. फोन ओट्यावर मुका पडून होता.

अण्णांनी आयुष्यभर बस चालवली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अलीकडे डोक्यात ड्यूटीच्या वेळा तेवढ्या शिल्लक होत्या आणि बाकीचं पुसट होत चाललं होतं. काल ते बसडेपोच्या दारात आपली गाडी मागत उभे होते. तिथल्या जुन्या मेकॅनिकने ओळखलं आणि घरी आणून सोडलं. तोवर काकूंनी आजूबाजूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या, आणि शेवटी रेल्वेच्या रुळांपाशी पोचून दोन्ही दिशांना पाहत उभ्या राहिल्या होत्या.

हे परक्या माणसाला सांगायचं कसं? ज्याने ऐन गर्दीत एवढी मोठी गाडी कधी कुठे घासू दिली नाही, त्याला आता घरचा रस्ता सापडत नाही, हे बोलायला काकूंची जीभ रेटत नव्हती. पण रूळ आठवले आणि त्या बोलल्या.

"चोराचं काही नाही हो. आमचाच माणूस उठून बाहेर जातो."

कॅमेरावाला एव्हाना शिडीवर चढला होता, तो खाली उतरला. आता हा हळहळणार, म्हणून काकूंनी मनाची तयारी केली. त्याने फक्त विचारलं, "चालतात कसे? झपाझप की सावकाश?"

काकूंना एकदम हलकं वाटलं. अण्णा काय काय विसरतात, हे डॉक्टरांपासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं. चालतात कसे, हे कुणी विचारलं नव्हतं.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "पण ऐटीत."

समोरून सावकाश येणारा माणूस सेन्सरला लवकर कळत नाही, आडवा गेला की चटकन कळतो, असं त्याने समजावलं. मग कॅमेरा काढून, अंगणातली वाट आडवी दिसेल असा स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी बसवला, अंगण पुन्हा सेन्सरमध्ये घेतलं आणि अण्णांपाशी गेला. साहेब, जरा फाटकापर्यंत चालून दाखवता का, तुमच्याशिवाय हे काम व्हायचं नाही, असं तो अदबीने म्हणाला. कितीतरी दिवसांनी कुणाचं तरी अण्णांवाचून अडलं होतं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि निघाले. काकूंच्या हातातला फोन वाजला. फार उपकार झाले तुमचे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं, तेव्हा तो लाजून वायर गुंडाळत बसला. जाताना म्हणाला, फोनमध्ये काय दिसलं तेही एकदा पाहून घ्या.

अण्णा परत येऊन खुर्चीत टेकले होते. काकूंनी त्यांच्या शेजारी बसून फोन उघडला. पडद्यावरचे अण्णा फाटकापाशी गेले, वळले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहून त्यांनी हात वर केला. जरा थांबले. मग कडीला हात घातला.

"हे काय केलंत?" काकूंनी विचारलं.

"रोजचंच. ड्यूटीवर निघताना," अण्णा म्हणाले. "तू कामात असतेस."

शेगडी खिडकीच्या समोरच्या भिंतीला होती. इतकी वर्षं काकूंची त्या खिडकीकडे पाठच होती. त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला आणि मनोमन कॅमेरावाल्याला पुन्हा एकदा दुवा दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. काकूंनी गॅस बंद केला. चपला दाराशीच होत्या, पण त्या आधी खिडकीपाशी गेल्या. फाटकापाशी अण्णा वळून उभे होते, हात वर. काकूंनीही हात वर केला. कंडक्टरची निघायची डबल बेल मिळावी तशी अण्णांनी समाधानाने मान हलवली. मग काकूंनी चपला पायात सरकवल्या, दार ओढून घेतलं आणि त्याही त्यांच्याबरोबर निघाल्या.