मिठाच्या पाण्यातले लगाम

थोरल्या लोहारानं सकाळपासून तीनदा भाता थांबवून भिंतीपलीकडे डोकावून पाहिलं होतं. पलीकडे त्याच्याच सख्ख्या धाकट्या भावाचं दुकान. दोघांचं कामही एकच, घोड्याच्या तोंडात जाते ती लगामाची लोखंडी कडी बनवायची. पण गिऱ्हाईक थोरल्याच्या दारावरून सरळ पुढे जायचं. ज्याला हातोडा धरायला आपण शिकवलं त्याच्याच दारात लोकांनी रांग लावावी, हे थोरल्याच्या डोळ्यांत खुपायचं.

आता तर पागेचा मालक उद्या येणार होता. सगळ्या घोड्यांच्या कड्या एकाच्याच हातच्या घेणार म्हणाला होता. थोरल्यानं आपल्या कड्या घासून घासून लखलखीत केल्या, तरी पोटातली आग विझेना. दुपारी धाकटा जेवायला गेला. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. थोरल्यानं तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ ढवळलं आणि भावाच्या खुंट्यांवरच्या सगळ्या कड्यांवर शिंपडलं. लाज वाटली त्याला, नाही असं नाही. पण हात काही थांबला नाही.

सकाळी मालक आपली सगळ्यात हट्टी घोडी घेऊन हजर. धाकट्याच्या कड्यांवर तांबडा गंज चढलेला. त्याचं तोंडच उतरलं.

"काल चांगल्या होत्या, मालक. कसं झालं कळत नाही."

"गंजका माल देतोस होय रे?" थोरला लगबगीनं पुढे झाला. "ही बघा मालक, तोंड दिसेल हिच्यात."

घोडीनं ती लखलखीत कडी जिभेनं बाहेर ढकलली. दुसऱ्यांदा तर दातच उघडेना. मालकानं वैतागून धाकट्याची गंजकी कडी पुढे धरली. घोडीनं ती चाटली, आपणहून तोंडात घेतली आणि फेस येईपर्यंत चघळत राहिली.

"अशाच दे सगळ्या," मालक म्हणाला. "पुढच्या महिन्यातही अशाच. पण हा गंज चढवलास कसा?"

धाकट्यानं एका कडीला बोट लावून चाखलं. खारट लागलं. त्यानं भावाकडे पाहिलं, तर भाऊ खाली बघत होता.

"ते दादाला ठाऊक," तो शांतपणे म्हणाला. "कडी माझी, पाणी दादाचं. दोघांचं काम आहे हे."

यानं चारचौघांत दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं थोरल्याला वाटलं.

तेव्हापासून दर महिन्याला थोरला पाणी कालवतो आणि धाकट्याच्या कड्यांवर शिंपडतो. बघणारे म्हणतात, भावाभावांत एवढी माया हल्ली कुठं दिसते? थोरला नुसती मान हलवतो आणि मीठ जरा जास्तच टाकतो.