गोळी मी झाडली

रमाकांत चहाला शिवलासुद्धा नाही. जुन्या सिनेमांची रिळं जमवणारा हा माणूस इंदूरहून माझ्या माधवगंजातल्या घरी आला होता. १९७४ साली इथेच ग्वाल्हेरात, गोरखी वाड्याच्या आसपास काढलेल्या एका गुन्हेगारीपटाची एकुलती एक प्रत त्याच्या हाती लागली होती. सिनेमा तीन दिवसांत उतरला होता. आता म्हणे संग्राहक त्यावर जीव टाकतात.

"विजयाताई, शेवट काय गजब आहे! संस्थान विलीन होतंय, सरदार खजिना घेऊन पळतोय, गोळी सुटते, तो पडतो. पण झाडली कुणी, ते दाखवलंच नाही! लोग लड़ पड़ते हैं इस पर!"

"मी झाडली," मी म्हटलं.

तेव्हा मी वीस वर्षांची होते, त्या सिनेमात काम करत होते. पिस्तूल उचलताना डोक्यावरचा पदर घसरला आणि दिग्दर्शकानं तो तसाच ठेवला. पहिल्या खेळाला आमचे आबा, सुभेदार जयसिंहराव, मिशीला पीळ देत बसले होते. विलीनीकरणात त्यांची संस्थानी वर्दी गेली, ताठा राहिला. मुलीनं सरदाराला मारलं, त्याचं काही नाही. बोडक्या डोक्यानं मारलं, हे खपेना! "पदर कुठाय?" असं ओरडत ते थेट मशीनच्या खोलीत घुसले. ऑपरेटर महिपतराव त्यांच्याच पलटणीतले. हुकूम झाला, कात्री चालली. संध्याकाळी महिपतरावांनी तो तुकडा गुपचूप माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "फेकवत नाही गं."

मी कपाटातून डबा काढला. जुनी फिल्म सडली की येतो तसा सिरक्याचा आंबूस भपकारा आला. रमाकांतनं फिल्म खिडकीशी धरली आणि त्याचा चेहराच पडला.

"ताई, हे कुणाला बोलू नका. राज़ खुल गया तर सिनेमात उरलं काय? डबा मला द्या, मी जपून ठेवतो."

माझं डोकंच फिरलं. "आबांनी निदान रागानं कापलं होतं. तू कौतुकानं कापायला निघालास? जोडणार असशील तर ने. नाहीतर ऊठ."

त्यानं फिल्म हलक्या हातानं गुंडाळून डब्यात ठेवली. मग हळूच म्हणाला, "जोडतो."

जाताना त्यानं फोटोसाठी मोबाइल धरला आणि घुटमळला. "ताई, पदर घसरलाय."

"राहू दे," मी म्हटलं. "काढ."