भिवापूरचा नारळ आणि मी

मी एक जुना जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारं यंत्र आहे. मित्रांनो, या भूमीवर राज्य करणारे पुष्कळ होऊन गेले. तिच्या पोटातलं ऐकणारा मात्र मीच! सध्या माझा मुक्काम नागपूरच्या एका कार्यालयाच्या कपाटात, पाती नसलेल्या पंख्याखाली आहे.

उंचीने मी पाण्याच्या पेल्याएवढा. खाली टोकदार खिळा. आत चुंबक आणि स्प्रिंगला लोंबणारं तारेचं वेटोळं. जमीन केसभर हलली, की दूर उभ्या गाडीतल्या कागदावर माझी रेघ थरथरते. शंभर कोसांवर मोठा सुरुंग उडवतात. त्याची लाट पृथ्वीच्या कवचाखालच्या थरापर्यंत, म्हणजे प्रावरणापर्यंत उतरते आणि पुन्हा वर येते. तिला किती वेळ लागला, यावरून खाली काय दडलंय ते कळतं.

१९७९ च्या हिवाळ्यात आमच्या कार्यालयाच्या गिरिधर साहेबांनी भिवापूरजवळ ओळीने वीस जिओफोन रोवले. मी आलो भागीरथाबाईंच्या मिरचीच्या वावरात. वर्षभराची तयारी आणि सुरुंग एकच! साहेबांनी हात जोडले, "बाई, माणसं-बैल लांब ठेवा. सुरुंगाची वेळ अकराची. एक सेकंदही इकडेतिकडे नाही."

बाईंनी बैल हाकलले, मजुरांना हाकललं. मग चप्पल काढून एकट्याच माझ्याकडे आल्या.

अर्ध्या मैलावरच्या बंद गाडीत साहेबांनी कागद पाहिला आणि उडीच मारली. माझ्या रेघेवर तीन ठणठणीत ठोके! बाकीच्या एकोणिसांवर असा एकही ठोका नाही. "त्यांच्या कानात बोळे आहेत," साहेब म्हणाले आणि वरिष्ठांना तार ठोकली : तीन नवे थर सापडले. मग येऊन माझ्या डोक्यावर थोपटलं. मी फुगलो. इथेच माझं चुकलं.

तेवढ्यात बाई वाटीत खोबरं घेऊन आल्या.

"घ्या साहेब, परसाद. तुमच्या कामाले यश यावं म्हून नारळ फोडला."

"कधी फोडला?"

"काहून गा, तुमीच त अकरा सांगतले! इतका काटेकोर मुहूर्त आमच्या भटजीनं लग्नाले नाई देल्ला. या यंत्राजवळच्या दगडावरच आपटला. पण नारळ मोठा खट! तिसऱ्या खेपेले फुटला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. स्प्रिंग तुटली असती तर बरं, असं मला झालं.

"का झालं जी? नासका निंगला का?"

"नाही बाई. गोड आहे." साहेबांनी तुकडा संपवला, आणखी एक मागून घेतला आणि तारघराकडे निघाले. नारळाची गोष्ट दाबता आली असती. त्यांनी दुसरी तार केली : थर रद्द. नारळ होता.

निवृत्त होईपर्यंत कार्यालयात त्यांना 'नारळसाहेब' म्हणत. हसणाऱ्यांत मी नव्हतो. कारण एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या मध्ये अगदी हळू, दमलेली अशी एक थरथर आली होती. ती खालून, खरोखर प्रावरणाला भेटून आलेली होती. त्या वावरात ती मलाच ऐकायची होती. आणि मी नारळ फुटतोय का, ते पाहत होतो.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या वगैरे तुम्हाला शाळेत सांगतीलच. माझं मागणं लहान आहे. माझ्या खिळ्याच्या बुडाशी त्या नारळाच्या शेंडीचा एक धागा अजून अडकलाय. कुणी तरी तेवढा काढा. फार गुदगुल्या होतात.