पालिकेच्या वाराला येणारा देवदूत

सकाळचे सात वाजायच्या आत जोनेलच्या लॉनसमोर गाड्यांची रांग पार चर्चच्या वळणापर्यंत लागायची. पिकअप ट्रक, व्हॅन, एकदा तर चक्क शाळेची बस. माणसं घडीच्या खुर्च्या काढत, बर्फाच्या पेट्या उतरवत आणि दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन छातीशी धरून पुढे घुसत. ऑगस्ट महिना, टेक्सासचं ऊन, पावसाचा पत्ता नाही. आमच्या ओक हॉलो वस्तीतलं एकूण एक लॉन करपलेलं. आणि त्या करपलेल्या गवतावर, टाय लावून, पट्ट्याला बशीएवढं बक्कल मिरवत, धर्मोपदेशक ब्रदर ड्वेन उभा.

"शांत, बंधूंनो, शांत! पाणी खाली झोपलंय. त्याला दचकवू नका!"

पाणी दचकतं, हे मी शाळेत विज्ञान शिकवत असताना मला कोणी सांगितलं नव्हतं.

ड्वेनच्या हातात जमिनीतलं पाणी शोधायच्या, तांब्याच्या दोन वाकवलेल्या तारा असायच्या. "या तारा मी फक्त धरतो. चालवणारा वर बसलाय," असं म्हणत तो लॉनवर येरझारा घालायचा. मध्येच मनगटावरच्या घड्याळाकडे एक नजर. पुन्हा तारा. मग पापी मानवजातीबद्दल थोडंसं, स्वतःच्या नम्रतेबद्दल बरंच काही, पुन्हा घड्याळ. शेवटी लॉनच्या उतारावरच्या कोपऱ्यात तारा एकमेकींवर फुल्लीसारख्या यायच्या, तो बुटाची टाच जमिनीवर आपटायचा आणि काय सांगू, गवत फुगायचं आणि तिथून खळखळ पाणी वर यायचं!

"हालेलुया!" लोक ओरडायचे, रडायचे, एकमेकांच्या गळ्यात पडायचे आणि लगेच कॅन पुढे करण्यासाठी एकमेकांना ढकलायचे.

मी विल्मा कुबेना, जोनेलची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक कुंपण. या गर्दीतली निम्मी डोकी माझ्या वर्गात बसून गेलेली. त्यातला लोनी, टायरच्या दुकानाचा मालक, दर वेळी दोन कॅन घेऊन हजर.

"बाई, तुम्ही काहीही म्हणा, पण काहीतरी आहे!" तो मला म्हणायचा.

"आहे ना. पाणी आहे."

"तसं नाही हो बाई. शक्ती, शक्ती!"

लोनीच्या शक्तीचं मला सोयरसुतक नव्हतं. लोकांना मूर्ख बनायची हौस असेल तर बनोत. पण पाण्याजवळच्या पहिल्या खुर्चीवर जोनेल बसायची, उजव्या पायाचं बँडेज सोडायची आणि तो पाय त्या चिखलात बुडवून डोळे मिटायची. तिला जुना मधुमेह. तळव्याला जखम झालेली, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, पाय कोरडा ठेवा, दर आठवड्याला दाखवायला या. ब्रदर ड्वेनने सांगितलेलं, डॉक्टरकडे जाणं म्हणजे झऱ्यावर अविश्वास. आणि अविश्वासाच्या पायाला झरा लागू पडत नाही म्हणे! जोनेलने दवाखाना बंद केला होता. तिच्या अंगठ्याशेजारचं बोट काळं पडायला लागलं होतं आणि मला रोज ते बघावं लागत होतं.

"अगं, निदान एकदा दाखव तरी," मी म्हणायचे.

"विल्मा, हा झरा व्हर्ननने पाठवलाय. माझ्यासाठी. तुला नाही कळायचं."

व्हर्नन म्हणजे तिचा नवरा, गेल्या वर्षी वारला. त्याच्या हयातीत या लॉनचा रुबाब काही औरच होता. दर वसंतात तो गुडघ्यावर बसून जमिनीत दडलेल्या एकेका फवाऱ्याभोवतीचं गवत सुरीने गोल कापायचा, नोझल काढून त्यात अडकलेली वाळू धुवायचा आणि वरचा बारीक स्क्रू फिरवून पाणी कुठवर पडायचं ते ठरवायचा. फुटपाथवर एक थेंब सांडलेला त्याला खपत नसे. तो गेल्यावर फवारे वेडेवाकडे उडू लागले, रस्ता भिजवू लागले, आणि या उन्हाळ्यात तर अजिबातच उठले नाहीत. "व्हर्ननबरोबर स्प्रिंकलरही गेला," असं म्हणून जोनेलने त्याचा नाद सोडला होता. नेमका त्याच सुमारास ड्वेन सांत्वनाला म्हणून आला. केक खाल्ला, प्रार्थना म्हटली, सभेच्या खुर्च्या ठेवायला तिचं गॅरेज मागितलं आणि कायमचा चिकटला.

आता यातली खरी गंमत ऐका. आमच्याकडे दुष्काळात लॉनला पाणी कधी द्यायचं ते पालिका ठरवते. सम नंबरच्या घरांना बुधवार आणि शनिवार, विषम नंबरच्यांना मंगळवार आणि शुक्रवार, तेही सकाळी दहाच्या आत. भलत्या दिवशी पाणी रस्त्यावर वाहिलं की पालिकेची गाडी दारात येऊन दंडाची पावती फाडते. आम्ही लग्नाचा वाढदिवस विसरू, पण आपला पाण्याचा वार विसरणार नाही. जोनेलचं घर सम नंबरचं. आणि झरा यायचा बुधवारी आणि शनिवारी. वस्तीतल्या प्रत्येकाच्या फ्रिजवर पालिकेचा तो वारांचा कागद चिकटवलेला, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडू नये! माझ्याही पडला नाही, खोटं कशाला बोलू? कारण ड्वेनने बायबलमधले दाखले देऊन बुधवारचं आणि शनिवारचं माहात्म्य असं काही रंगवलं होतं की ऐकणारा चक्रावून जावा.

मग पालिकेने पाणी आणखी कमी केलं. सम घरांना फक्त गुरुवार.

पुढच्याच सभेत ब्रदर ड्वेन डोळे मिटून थरथरू लागला. "मला दृष्टान्त झालाय! बुधवार गेला! शनिवार गेला! देवदूत म्हणाला, ड्वेन, आता मी फक्त गुरुवारी येईन!"

लोक धाय मोकलून रडले. मी घरी येऊन नवा कागद फ्रिजवर लावत होते, तो हातातच राहिला. आधी मला इतकं हसू आलं की खुर्चीत बसावं लागलं. देवदूताला पालिकेच्या दंडाची भीती! स्वर्गातून उतरताना घराचा नंबर बघून उतरतो बिचारा! मग जोनेलचं ते काळं बोट आठवलं आणि माझं डोकं सणकलं.

पहिल्या गुरुवारी मी झऱ्याचं पाणी एका बाटलीत भरलं आणि आमच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी तपासायचं औषध त्यात टाकलं. पाणी लिंबासारखं पिवळं झालं. क्लोरीन. म्हणजे हे पाणी जमिनीच्या पोटातलं नव्हतं, पालिकेच्या नळाचं होतं. मी ती बाटली लोनीसमोर धरली.

"बाई," तो गंभीरपणे म्हणाला, "देव क्लोरीन घालत नसेल कशावरून?"

"लोनी, तू नववीत दोनदा का बसलास, ते आज कळलं मला."

बाटली घेऊन मी जोनेलकडे गेले. तिने तोंड फिरवलं. दवाखान्यातून नर्सचा फोन येऊन गेला होता, लगेच दाखवायला या म्हणून, आणि हिने सांगितलं होतं, पुढचा गुरुवार झाला की बघू. मला रडूच कोसळलं. रागाने रडले मी.

"जोनेल, पाय जाईल गं तुझा! एक सांग, तुझ्या देवदूताला वीज लागते का?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग गॅरेजमध्ये स्प्रिंकलरची ती वार-वेळ लावायची घड्याळाची पेटी आहे ना, ती बंद कर. स्प्रिंकलर मेलाय असं तूच म्हणतेस. देवदूताचं काय बिघडतंय?"

"करते," ती म्हणाली. "पण पाणी आलं, तर तू सगळ्यांसमोर गुडघे टेकून माझे पाय धुवायचे."

"धुईन."

"आणि मी स्वतः त्या पेटीपाशी बसणार. कोणालाही हात लावू देणार नाही. तुला तर मुळीच नाही. मी ओळखून आहे तुला!"

गुरुवार उजाडला. जोनेलने स्वतःच्या हाताने बटण बंद केलं आणि अंधाऱ्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून, पाय उपड्या बादलीवर ठेवून माझ्यापासून पेटी राखत बसली. बाहेर ड्वेनने येरझारा घातल्या, घड्याळ पाहिलं, पापी मानवजातीला झोडपलं, तारा फुल्लीत आणल्या, टाच आपटली.

काही नाही.

पुन्हा टाच. गवत ढिम्म. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही पायांनी उडी मारली, तेव्हा मागून एक पोरगी फिस्सकन हसली.

"इथे एक संशयी आत्मा उभा आहे!" ड्वेन गरजला. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी हात हलवला. "तिच्या पापामुळे पाणी अडलंय! मला एकांतात प्रार्थना केली पाहिजे!"

आणि महाराज एकांतासाठी कुठे गेले? तर गॅरेजच्या बाजूच्या दारातून थेट आत.

आत काय झालं ते जोनेलने मला नंतर सांगितलं. त्याने दिवासुद्धा लावला नाही. सरळ भिंतीपाशी गेला, सवयीने पेटीचं झाकण उघडलं, बटण फिरवलं आणि हुश्श केलं. बाहेर खळखळ पाणी आलं, लोक ओरडले, "हालेलुया!" लोनीने कॅन पुढे केला.

"प्रार्थना झाली, ब्रदर?" जोनेलने अंधारातून विचारलं.

बाहेर आम्हाला दिसलं ते एवढंच की पाणी एकदम बसलं. मग पुन्हा आलं. पुन्हा बसलं. लोनी कॅन पुढे करतोय, मागे घेतोय. तेवढ्यात घरघर करत गॅरेजचं मोठं दार वर गेलं आणि ऊन आत शिरलं. पेटीच्या बटणावर जोनेलचा हात, आणि शेजारी ब्रदर ड्वेन, कपाळावर घामाच्या धारा.

"भगिनी, हा सैतानाचा डाव आहे..."

"सैतान भिंतीला टांगलेला असतो होय?" जोनेलने विचारलं. "बघा रे सगळ्यांनी! चालू." पाणी आलं. "बंद." पाणी गेलं. "माझ्या व्हर्ननचं नाव घेऊन, ब्रदर? माझ्या मेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन?"

मी गॅरेजमधला व्हर्ननचा हत्यारांचा डबा उघडला, सुरी आणि स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कोपऱ्यातलं गवत उचललं. ते एखाद्या झाकणासारखं अलगद निघालं, चारही बाजूंनी कापलेलंच होतं. खाली फवारा, त्याचं नोझल काढून टाकलेलं. लॉनमधल्या बाकीच्या फवाऱ्यांवरचे स्क्रू पार आवळलेले. व्हॉल्व्हवरचा पाण्याचा जोर असा कमी केलेला की फवारे उठू नयेत, आणि सगळं पाणी त्या एकाच उघड्या तोंडातून शांतपणे वर यावं. पेटीत वार आणि वेळ लावलेली. झाला देवदूत तयार.

मी डब्यातलं एक जुनं नोझल बसवलं, सगळे स्क्रू सैल केले, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि म्हटलं, "जोनेल, चालू कर गं!"

फस्स करून सगळे फवारे एकदम उठले. चारही बाजूंनी पाणी! ज्या पाण्यासाठी लोक पहाटेपासून रांगा लावून बसत होते, त्याच पाण्यापासून ते खुर्च्या डोक्यावर धरून किंचाळत पळत सुटले. त्या पळापळीत ड्वेनही पळाला. तारा तिथेच राहिल्या. लोनी मात्र भिजत उभा होता. त्याने दोन्ही कॅन गवतावर ओतले आणि म्हणाला, "बाई, ट्रक दारातच आहे. ताईंना दवाखान्यात नेऊ या."

डॉक्टरांनी पाय वाचवला. दोन बोटं मात्र काढावी लागली. थोडं आधी आला असतात तर तीही वाचली असती, असं ते म्हणाले, आणि जोनेलने तेव्हा माझा हात इतका घट्ट धरला की माझी बोटं दुखली.

ऐकते की ड्वेन आता पलीकडच्या परगण्यात झरे काढतोय. तिथेही दुष्काळ आहे, तिथेही कोणीतरी नवरा गमावलेलं, पाय दुखणारं माणूस असेलच. तिथल्या लोकांना माझं एवढंच सांगणं आहे. पाणी दिसलं की हात जोडा, नाचा, काय करायचं ते करा, पण आधी विचारा की ते कुठून आलं. गवत उचलून बघा. नळ बंद करून बघा. विचारल्याने देव रागावत नाही, रागावतो तो फक्त ब्रदर ड्वेन. आणि कोणी म्हणालंच की डॉक्टरकडे गेलात तर चमत्कार पळून जाईल, तर त्याला पळू द्या आणि तुम्ही दवाखाना गाठा. आम्ही हे सगळं एक महिना आधी विचारलं असतं, तर जोनेलची दोन्ही बोटं आज तिच्या पायाला असती.