मागच्या खिशातलं सूत

"मारू का ब्रेक, कचरूभिया?" डंपरच्या केबिनमधून मालोजी ओरडला.

"आधी न्यूट्रलमध्ये मार."

मारला. इंजिन आपलं धडधडतच राहिलं. गिअरमध्ये टाकून हळूहळू चालवत मारला, तरी काही नाही. मग कचरू स्वतः शेजारी चढून बसला आणि सांवेर रोडवर डंपरने वेग धरल्यावर म्हणाला, "अब मार." डंपर थांबता थांबता जोरात गचका बसला आणि इंजिन ठप्प. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"आता बोल, यात माझा काय कसूर?" मालोजी रडकुंडीला आला होता. "तुझे मालक शामजी तर माझ्या ठेकेदाराला सांगून बसले, ड्रायव्हरला ऑटोमॅटिक गाडी जमत नाही म्हणून. संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही तर माझी छुट्टी."

मालोजी पूर्वी गिरणीची लॉरी चालवायचा. कचरू त्याच गिरणीत सत्तावीस वर्षं फिटर. फाटक बंद झालं तेव्हा दोघेही एकाच दिवशी रस्त्यावर आले. मालोजीला ठेकेदाराकडे लवकर काम लागलं. कचरू दोन वर्षं परदेशीपुऱ्यात घरापुढच्या ओट्यावर बसून राहिला, आणि बायको कांताबाई चार घरच्या पोळ्या लाटत राहिली. त्यानंतर त्या ओट्यावर तो कधी बसला नव्हता. शेवटी शामजींनी त्याला आपल्या गॅरेजात ठेवून घेतलं होतं. बाहेरच्या देशांतली यंत्रं इंदुरात यायला लागली होती, आणि यंत्र कुठलंही असो, कचरू ते कान देऊन ऐकत असे.

आत्ताही त्याने ऐकलं होतं. "क्लचचा पेडल नाही न या गाडीला," तो समजावू लागला. "वेग धरला की गिअरबॉक्स आतल्या आत इंजिनला घट्ट पकडतो. ब्रेक मारला की ती पकड सुटायला पाहिजे. सुटत नाही आहे. मग चाकं थांबली की इंजिनचाही गळा दाबला जातो. तुझा पाय बराबर आहे, भिया."

मालोजीने स्टिअरिंगवरचे हात उचलून जोडले. "हे शामजींना सांग फक्त."

दुपारी तेल काढून कचरूने गिअरबॉक्सचं पोट उघडलं. पकड सोडवणारा वॉल्व्ह, असेल बोटाएवढा, आपल्या खाचेत अडकून बसला होता. त्याने तो हलकेच बाहेर ओढला आणि कडेला चिकटलेलं काहीतरी चिमट्याने धरून उजेडात नेलं. सुताचा बारीक पुंजका होता. तेलाने पिवळ्या पडलेल्या सुतात एक लाल धागा.

तो धागा त्याने लगेच ओळखला. गिरणीच्या धोतरांच्या किनारीचा होता.

हात पुसायला सूतच हवं, ही गिरणीवाल्यांची खोड. शेवटच्या दिवशी कचरूने वाया गेलेल्या सुताचं एक पोतं उचलून आणलं होतं, आणि रोज सकाळी त्यातलं मूठभर मागच्या खिशात कोंबूनच तो घराबाहेर पडे. उभ्या जन्मात त्याने कपड्यांना हात पुसला नव्हता. पंधरवड्यापूर्वी याच डंपरची सर्व्हिसिंग करताना हे वॉल्व्ह त्याने त्याच सुताने चकचकीत केले होते, मोठ्या कौतुकाने. मागाला चालतं ते याला का चालू नये, असं त्याला वाटलं होतं. काय वापरायचं नाही ते सांगणारं गाडीचं इंग्रजी पुस्तक शामजींच्या कपाटात होतं, आणि ते उघडून बघावं असं दोघांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

"काय निघालं?" शामजी मागे येऊन उभे राहिले.

कचरूने पुंजका मुठीत धरला होता. कचरा अडकला म्हणावं, तर गिअरबॉक्स त्याच्याखेरीज कोणी उघडलाच नव्हता. काहीच निघालं नाही म्हणावं, तर वॉल्व्ह गुपचूप धुऊन बसवता आला असता. मालोजी गेला असता, एवढंच. मूठ उघडली तर पुन्हा तो ओटा. गॅरेजच्या फाटकापाशी मालोजी उकिडवा बसून इकडेच बघत होता.

"माझंच आहे," कचरूने मूठ उघडली. "मी सुताने पुसलं होतं. ड्रायव्हरची गलती नाही."

शामजींनी तो पुंजका उचलून उजेडात धरला. माणूस वाईट नव्हता. "कचरूजी, चूप राहिला असता तरी चाललं असतं," ते हळूच म्हणाले. "आता ठेकेदार पहिला सवाल हाच करेल, मिस्त्री कोण होता?"

"सांगा न, मिस्त्रीला काढला म्हणून."

शामजींनी मान खाली घातली. "गाडी तेवढी पूर्ण करून जा."

गाडी पूर्ण झाली. सांवेर रोडवर मालोजीने तीनदा ब्रेक मारला आणि तिन्ही वेळा इंजिन चालू राहिलं. तो खाली उतरला. कचरूने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हात धुवायला गेला. रॉकेलने काळं नुसतं सैल झालं. सवयीने हात मागच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. सूत दुपारीच त्याने कचऱ्यात टाकलं होतं. ओले हात त्याने शर्टाला पुसले.

घरी कांताबाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. शर्टावर उमटलेली काळी बोटं तिने पाहिली. तीस वर्षांच्या संसारात असले डाग तिने कधी धुतले नव्हते. मेथीची जुडी मांडीवर घेऊन ती थोडी बाजूला सरकली, आणि ओट्यावर त्याच्यापुरती जागा करून दिली.