हौदात ‘बरं’ म्हणायचं नाही

दोघी बहिणी समोरासमोरच्या इमारतींत राहत. थोरली तिसऱ्या मजल्यावर, धाकटी चौथ्या. लिफ्ट दोन्हीकडे नाही. बांधणाऱ्याने भाडेकरू जन्मभर तरुणच राहणार असं गृहीत धरलं असावं. गुडघे आधी कोणाचे गेले हा वाद बहिणींत अजून मिटलेला नाही, पण एवढं खरं की एकीने खाली उतरणं सोडलं आणि मग दुसरीने सोडलं, आणि तेव्हापासून दोघींची गाठ पडली नव्हती. गाठ म्हणजे अंगाला अंग लागेल अशी. तशा त्या रोज दिसत. सकाळी आपापल्या गॅलरीत येत, कानाला फोन लावत आणि मधल्या रस्त्यावरून एकमेकींकडे बघत बोलत.

“केस कापलेस का गं?”

“कापले नाहीत, विंचरले नाहीत.”

एवढ्यावर भागत होतं. मग एके दिवशी धाकटी म्हणाली, “ताई, काल तू फार शांत होतीस. मी मेलं सगळं बोलून घेतलं, सुनेपासून पोटदुखीपर्यंत, तू एका शब्दाने मधे पडली नाहीस.”

“काल मी गॅलरीत आलेच नव्हते. फोन तरी कुठे उचलला?”

“मग तिथे निळं निळं कोण उभं होतं?”

“माझा गाऊन वाळत होता.”

धाकटीने कठड्यावरून वाकून पुन्हा समोर पाहिलं. “चांगलं ऐकून घेतो हो तो,” ती म्हणाली. नंतर हळूच म्हणाली, “डोळ्यांत काहीतरी आलंय बहुतेक. डॉक्टरकडे चल म्हणतात, पण चार मजले उतरायचे कोणी?”

त्या दिवशी थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणी एका पांघरुणासाठी मारामाऱ्या केलेल्या बहिणीला आता आपण आणि आपला गाऊन सारखेच दिसतो, आणि आपण मधला रस्ता ओलांडू शकत नाही! तिने ठरवलं, गरम झऱ्याच्या पाण्याचे उपचार घ्यायचे. काहीही होवो, ते चार मजले चढायचे.

घरी तिने फक्त “गुडघ्यांसाठी जाते” एवढंच सांगितलं. घरच्यांनी लगेच होकार दिला. इतक्या लगेच की तिला तेव्हाच संशय यायला हवा होता. थोरलीने सगळी नोकरी कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याने केली होती आणि उरलेला दिवस घरी ओट्याशी उभ्याने. तिचे यजमान निवृत्त होऊन जमाना झाला तरी घरात साहेबच होते. त्यांची नोकरी मात्र बसून झाली, त्यामुळे गुडघे कोरे करकरीत. थोरली खुर्चीला खिळल्यापासून साहेब चहा करायला शिकले होते, मुलगा कपडे धूत होता, सून बँकेतून येताना भाजी आणून स्वयंपाक करत होती. घर व्यवस्थित चाललं होतं. फक्त प्रत्येकाच्या चेहऱ्यावर हुतात्म्याची कळा आली होती.

झऱ्याचं उपचारगृह गावाबाहेर होतं. एक लांब दगडी हौद, हिरवट फरशा, पायऱ्यांना पितळी कठडा, आणि नासक्या अंड्यांचा वास. पाण्यातल्या गंधकाने थोरलीची चांदीची अंगठी पहिल्याच दिवशी काळी पडली. पण गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यावर अंगाचं ओझं कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. गुडघ्यातली कळ आधी कुरकुरली, मग गप्प बसली. थोरली डोळे मिटून मोठ्याने म्हणाली, “अगंबाई, काय बरं वाटतंय!”

वाफेतून आठ-दहा डोकी तिच्याकडे वळली. एक भरदार बाई पाणी कापत पुढे आली. तिला सगळ्या मुकादमीण म्हणत. दरवर्षी येणाऱ्यांत ती सर्वांत जुनी.

“नव्या दिसता,” मुकादमीण म्हणाली. “हा शब्द हौदात काढायचा नाही.”

“कुठला?”

“तोच. ब वरून सुरू होणारा. भिंतींना कान असतात आणि कानांना नातेवाईक असतात. ‘जरा सुसह्य आहे’ म्हणा. ‘फरक पडला तर पाहू’ म्हणा. पण ते नको.”

थोरलीला वाटलं, गंधक बाईंच्या डोक्यात गेलंय. पण आठवडाभरात तिला सगळा प्रकार कळला. पाण्यानंतर चादरीत गुंडाळून झोपवत, गुडघ्यांवर गरम चिखलाचे लेप देत, मग व्यायाम. आणि डॉक्टर जेवायला गेले की कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात मुकादमीण दुसरा व्यायाम घेई. लंगडण्याचा.

“पाय ओढू नका, बाई, ते नाटकातलं झालं! पायाने तुम्हाला ओढलं पाहिजे. आधी कपाळाला आठी, मग पाऊल. आणि कठडा धरताना दोन बोटं, पूर्ण हात नाही. पूर्ण हात धरला की माणसं म्हणतात, नाटकं करते.”

बायका रांगेने लंगडत बोळाच्या टोकाला जात आणि कोणी बघत नाहीसं पाहून टुणटुणीत पावलांनी परत येत.

“पण कशासाठी हे?” थोरलीने विचारलं.

“पहिल्या वर्षी मी सरळ चालत घरी गेले,” मुकादमीण म्हणाली. “दारात तिन्ही सुना उभ्या. तिघींच्या हातांत बॅगा. म्हणाल्या, आई, तुम्ही आलात, आता आम्ही चार दिवस हवापालट करून येतो. मागे नातवंडं, उंचीप्रमाणे रांगेत. दिवाळं निघालं गुडघ्यांचं. हौदाने दिलेलं सगळं महिन्याभरात परत गेलं. तेव्हापासून मी लंगडत जाते. गुडघे वर्षभर पुरतात.”

थोरलीला रागच आला. कपड्यावरची सुरकुती आणि माणसाचं खोटं, या दोन गोष्टी तिला बघवत नसत. “मी नाही असलं करणार,” ती फणकारली. “माझ्या घरची माणसं तशी नाहीत.”

यावर हौदातली एकही बाई हसली नाही. सगळ्यांनी तिच्याकडे अशा मायेने पाहिलं की तिला आणखीच राग आला.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. “हाडांमधली गादी झिजली आहे, ती पुन्हा यायची नाही. पाण्याने दुखणं उतरलंय, सांधे सैल झालेत. चारेक महिने टिकेल. रोज थोडं सपाटीवर चाला. जिने आणि ओझी, दोन्ही बेताने. जपून वापरलंत तर जास्त टिकेल.”

“एखादा जिना चढला तर?”

“एखादा चढा. पण कुठला चढायचा ते विचारपूर्वक ठरवा.”

थोरलीने ते कधीच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी नातेवाईकांच्या गाड्या लागल्या. बायका एकामागून एक बाहेर पडल्या, कपाळाला आठी, दोन बोटं कठड्याला. त्यांना न्यायला आलेल्यांचे चेहरे पडत गेले. मुकादमीण तर अशी लंगडली की तिच्या मुलाने तिला उचलूनच गाडीत ठेवलं. थोरली ताठ, सरळ चालत गेली.

“आई!” मुलगा ओरडला. “अगं, काय चालतेयस तू!” आणि त्याने तिथूनच घरी फोन लावला, “बाबा, आई पळतेय!”

“मी चालतेय,” थोरली म्हणाली.

“पळतेय अक्षरशः!” मुलगा फोनवर म्हणाला.

तिसरा मजला तिने थांबत थांबत, कठड्याला धरून गाठला. दारात साहेब उभे होते. बायको इतक्या दिवसांनी परतल्यावर माणसाने काहीतरी हातात घेऊन उभं राहावं, तसे तेही होते. त्यांच्या हातात एप्रन होता.

“ये, ये,” साहेब भाषणाच्या सुरात म्हणाले. “आता या घराची घडी पुन्हा बसणार!”

“घडी बसवणारीला उभं राहावं लागतं, अहो,” थोरली म्हणाली.

पण कोणाचं लक्ष नव्हतं. तिने चपला काढेपर्यंत वाटण्या झाल्या होत्या. मुलगा म्हणाला की खाली गॅलरीत कपडे नीट वाळतच नाहीत, आई पूर्वीसारखे गच्चीवर टाकत जाईल. सून खरं तर चांगली मुलगी, तिने आधी पाणी आणून दिलं आणि मगच म्हणाली, “आई, भाजीबाजाराचं तुमच्याकडे दिलं तर मला ऑफिसात उशिरापर्यंत थांबता येईल. बढतीचं बोलणं चाललंय.” साहेबांनी तर ऑफिसातल्या जुन्या मित्रांना रविवारी जेवायला सांगूनही टाकलं होतं. “ही बरी होऊन येतेय म्हटल्यावर ते म्हणाले, मग येतोच.”

“मी दारात पाऊल टाकायच्या आधी?”

“अगं, तुझ्या बरं होण्याच्या आनंदातच जेवण आहे!”

“आणि करायचं कोणी?”

साहेबांना प्रश्न कळला नाही. त्यांनी तो शिळा विनोद समजून हसण्यावारी नेला.

थोरली आपल्या खुर्चीकडे गेली. खुर्चीत वर्तमानपत्रांची रद्दी ठेवली होती. आता कशाला लागणार होती खुर्ची?

“एक विचारू?” ती उभ्यानेच म्हणाली. “हे गुडघे कोणाचे?”

“आपलेच की, आई,” मुलगा प्रेमाने म्हणाला.

आपलेच! दुखत होते तेव्हा ते एकटीचे होते. जिन्यात कळ आली तेव्हा यातला एकही जण म्हणाला नव्हता की आपला गुडघा दुखतोय. बरे झाल्याबरोबर एकत्र कुटुंबाची मालमत्ता झाली. आणि हौदाने दिलेले ते चार महिने या तिघांनी गच्ची, बाजार आणि रविवारमध्ये वाटूनसुद्धा टाकले होते. समोरच्या जिन्यासाठी एक पायरी शिल्लक ठेवली नव्हती. थोरलीला मुकादमिणीची ती मायेची नजर आठवली आणि ती रात्रभर दातओठ खात पडून राहिली.

सकाळी तिने बूट घातले.

“कुठे निघालीस?” साहेबांनी वर्तमानपत्रामागून विचारलं.

“बाहेर.”

“वा, चालायला! डॉक्टरांनी सांगितलंच असेल. येताना दूध आण.”

थोरलीला जे बोलायचं होतं त्याला तीन मजले उतरेपर्यंतचा वेळही पुरला नसता. ती खाली आली, रस्ता ओलांडला, आणि समोरच्या इमारतीच्या जिन्याशी उभी राहिली.

पहिला मजला ती ‘येताना दूध आण’वर चढली. इतका संताप होता की पायऱ्या पायाखाली आल्या कधी, गेल्या कधी, कळलंच नाही. दुसरा मजला तिने गच्चीवरच्या कपड्यांच्या रागावर काढला. तिसऱ्यावर रविवारचे पाहुणे कामाला आले, त्यांतल्या एकाला तर दोन वेळा वाढलेलं तिला स्पष्ट दिसलं. मग राग संपला. चौथ्याच्या मधल्या वळणावर गुडघ्यात जुनी ओळखीची कळ निघाली. थोरली पायरीवर बसली. ‘विचारपूर्वक ठरवा,’ डॉक्टर म्हणाले होते. ठरवलं होतं ना? मग. ती कठडा धरून उठली. दोन बोटांनी नाही, दोन्ही हातांनी. एक पायरी, उसासा, पुढची पायरी. रागाशिवाय चढायला फार जड जातं, पण वर धाकटी होती.

दार बऱ्याच वेळाने उघडलं. धाकटी डोळे बारीक करून बघत होती. “दूध ठेवा तिथेच,” ती म्हणाली.

“तूही दूधच म्हण!” थोरली कडाडली. “आज एकाला तरी माझ्यात माणूस दिसतोय का?”

धाकटीने हात पुढे केला, थोरलीचा चेहरा चाचपला, नाक, हनुवटी, कानाची पाळी. मग तोंड अगदी जवळ आणून पाहिलं.

“ताई? अगं, तू एवढी म्हातारी कधी झालीस?”

“तू काय शाळेत जातेस?”

“लांबून चांगली दिसायचीस हो.”

“तो गाऊन होता.”

मग दोघी दारातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. रडल्या की हसल्या ते शेजारणीला दाराच्या फटीतूनही नीट कळलं नाही. दोघींचे मिळून चार गुडघे, त्यांतला एकही धड नाही, त्यामुळे कोणी कोणाला सावरलं हेही सांगता येणार नाही.

“तुला खाली न्यायची आहे,” थोरली गॅलरीत बसल्यावर म्हणाली. “आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मग हौदावर. मुकादमीण लंगडायला शिकवते.”

“ते मला येतंच की.”

“बरं झाल्यावरचं वेगळं असतं.”

इतक्यात फोन वाजला. समोर, तिसऱ्या मजल्यावर, साहेब गॅलरीत उभे होते.

“कुठे आहेस? चहाची वेळ टळली! दूध कुठाय?”

“समोर बघा. चौथा मजला.”

साहेबांनी वर पाहिलं. थोरलीने हात हलवला. धाकटीनेही हलवला, जरा भलत्या दिशेला.

“तिथे कशी चढलीस?” साहेब दचकून म्हणाले. “गुडघे कसे आहेत?”

थोरलीने पायांकडे पाहिलं. दोन्ही गुडघे सुजून ठणकत होते, अगदी प्रामाणिकपणे, कसलीही तालीम न करता. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

“दुखतायत,” ती म्हणाली.

“फार?”

“फार. आज उतरणं शक्य नाही. उद्याचंही अवघड दिसतंय. रविवार तर विसराच.”

“अगं, पण पाहुणे... आणि दूध?”

“अहो, तुमचे गुडघे चांगले आहेत ना?”

हा प्रश्न साहेबांना उभ्या आयुष्यात कोणी विचारला नव्हता. फोन बंद झाला.

थोड्या वेळाने समोरच्या दारातून साहेब किटली घेऊन बाहेर पडले. चार पावलं चांगली खणखणीत टाकली. मग त्यांना आठवलं की वरून कोणीतरी बघतंय. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून गॅलरीकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि लंगडायला लागले.

“काय गं, का हसतेस?” धाकटी म्हणाली. “मला सांग तरी, काय चाललंय खाली?”