टोन आहे

गुलाबी कागद. पायलच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, वाळून कडक झालेल्या लाळेऱ्याखाली, चार घड्या घातलेला — आणि उलगडायच्या आधीच मैत्रीला कळलं की हा तोच, कारण असा खरखरीत, एका कडेला भोकांची रांग असलेला कागद तिच्याकडे आयुष्यात एकाच माणसाकडून आलेला होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त होताना बाबांनी शाल आणि घड्याळ यांच्याबरोबर तक्रार-चिठ्ठ्यांची अर्धी वापरलेली सहा पॅडं घरी आणली होती. वाण्याची यादी, पाहुण्यांचे पत्ते, पायलच्या लशींच्या तारखा, सगळं त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. या चिठ्ठीवर मात्र त्यांनी पुढचे रकाने खरोखरच भरले होते. तक्रार — दुपारनंतर खेळ जड होतो व आपोआप बंद पडतो. वेळ — स. १० चालू, १-१५ जड, ४-३५ बंद. खाली पाच दिवसांच्या पाच ओळी, तेच आकडे, दोन-चार मिनिटं इकडे-तिकडे. तक्रारदार — रतन ओव्हाळ, येरवडा. तपासावे, या शब्दाखाली दोन रेघा. निवारण, हा रकाना कोरा.

बाबांनी ती हातात दिली तेव्हा रिक्षा खाली थांबलेली होती, पायल कडेवर पेंगत होती. जुलैतली गोष्ट.

"बंद करून परत चालू करायचं, बाबा," ती म्हणाली होती. "मशीन जुनं आहे तुमचं."

"मशीन नाही," बाबा म्हणाले होते. "मशीनचा दोष कधीही येतो. हा ठरल्या वेळी येतो. म्हणजे लाइनीत आहे."

"बरं, बघते."

"चिठ्ठी ठेव."

ठेवली. इथं, या कप्प्यात. आता नोव्हेंबर आहे.

मैत्रीनं चिठ्ठी लॅपटॉपच्या शेजारी पसरली, कोपरा वर येत होता म्हणून त्यावर पायलचा वाडगा ठेवला. गुरुवार, घरून काम करायचा दिवस. नारायण पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या या जागेत जेवणाचं टेबल सकाळी नऊ ते सहा तिचं ऑफिस असायचं, चेतन त्याच्या कंपनीत गेलेला असायचा आणि सुशीलाबाई गॅलरीत पायलला कबुतरं दाखवत वरणभात भरवायच्या. "खा माजे बाई, न्हाईतर ते बघ, ते खाईल." कबुतर काहीही खात नव्हतं, नुसतं बघत होतं. पडद्यावर एक निळी रेघ होती. खेळ उघडून नुसता ठेवला की तो मशीनची किती मेमरी धरून बसतो, ते दाखवणारी. ती पायरीपायरीनं वर चढत होती. एक पायरी, थोडं सपाट, पुन्हा पायरी... खाली कधीच येत नव्हती.

ऑनलाइन कॅरमचा खेळ. खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत बसून सातजणांनी बनवलेला, त्यातली ती एक. खेळ उघडला की शेजारच्या पट्टीत, चालू असलेल्या सगळ्या डावांची छोटी छोटी चित्रं दिसायची — काळ्या नऊ, पांढऱ्या नऊ, मधे राणी. डाव संपला की चित्र पुसलं जायचं. दिसायला. आत मात्र ते तसंच राहायचं, कारण प्रत्येक चित्र जन्मताना सांगून ठेवायचं की या डावात काही घडलं तर मला कळवा, आणि जाताना 'आता कळवू नका' हे सांगायचं राहून गेलेलं. म्हणून कळवणारा त्या प्रत्येकाला धरून बसलेला. संपलेले डाव, उठून गेलेले खेळाडू, हजारो चित्रं. कुणीच सोडत नाही. सकाळी दहाला उघडला तर साडेचारच्या सुमारास मशीनचा श्वास कोंडायचा आणि खेळ गपकन बंद. कुणी खेळो न खेळो. नुसता उघडा राहिला तरी.

आज सकाळी तिला ती जागा सापडली होती. सापडली म्हणजे काय — तिचीच होती. तिनं लिहिलेली, पायलच्या वेळी सातव्या महिन्यात, पाय सुजून चपलेत मावत नव्हते तेव्हा. 'कळवा' असं सांगणारी ओळ होती, आणि तिच्या खाली, जिथं दुसरी ओळ असायला हवी होती तिथं, इंग्रजी अक्षरांत तिनंच स्वतःसाठी ठेवलेली खूण. नंतर बघू.

दुरुस्ती एका ओळीची. लिहून झाली, तपासून झाली. निळी रेघ आता आडवी झोपली होती, इस्पितळात असते तशी... नाही, तसं नको म्हणायला. सपाट, शांत. फक्त पाठवायची होती. अकरा वाजल्यापासून ती पाठवत नव्हती.

आई गेल्यावर बाबा येरवड्याच्या घरात एकटे राहिले, कुणाकडे जाणार नाही म्हणाले, आणि बापलेकीत एक ठरलं: रोज सकाळी दहाला त्यांचा मिस कॉल. एक रिंग, फार तर दोन. उचलायचा नाही. म्हणजे उठलो, चहा झाला, पेपर वाचला, जिवंत आहे. एकदा तिनं चुकून उचलला तर म्हणाले, "अगं, उचलतेस कशाला? बोलायचं असतं तर वाजवत राहिलो नसतो का?" चाळीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडणारा माणूस स्वतः फोनवर कधी बोललाच नाही. लाइन दुरुस्त झाली की रिसीव्हर कानाला लावायचा, ऐकायचं आणि म्हणायचं, टोन आहे. बस. घरीसुद्धा कुणी विचारलं, तब्येत कशी आहे, तर टोन आहे.

मग हा खेळ आला. तिनंच त्यांच्या मशीनवर घालून दिला, नाव काय ठेवायचं विचारलं तर क्षणभरही न थांबता — टोन आहे. आणि तिच्या यादीत त्या नावापुढे रोज सकाळी दहाला हिरवा ठिपका उगवायला लागला. मिस कॉल कधी थांबला ते कुणी ठरवलं नाही. ठिपका होता ना. मिटिंगमध्ये, पायलला अंगावर पाजताना, चेतनशी भांडताना नजर नुसती कोपऱ्यात टाकली की झालं. दुपारी साडेचारला विझायचा आणि पाच-सात मिनिटांनी परत लागायचा. बंद करून परत चालू केलेला असायचा त्यांनी. तिनंच सांगितल्याप्रमाणे.

ऑगस्टमधला तो मंगळवार. दहाला हिरवा. बाराला हिरवा. दोनला — ती बघत होती, ती काही निष्काळजी मुलगी नव्हती, ती बघतच होती — दोनला हिरवा. साडेचारला विझला. मी बघितलं होतं विझताना. मी. माझ्या डोळ्यांदेखत विझला आणि मनात आलं ते एवढंच की हां, जड झाला असेल. पाच वाजले. पायलला ताप होता. सहा. बाहेर गेले असतील भाजीला. सात वाजता फोन केला तर वाजत राहिला, वाजत राहिला... शेजाऱ्यांनी दार फोडलं. सकाळी अकराच्या सुमारास पडले असणार, डॉक्टर म्हणाले, उजवी बाजू गेली, लवकर आणलं असतं तर. एवढंच म्हणाले ते. 'तर'च्या पुढे काही बोलले नाहीत, बोलायची गरजही नव्हती.

तिथपर्यंतचं सगळं ती सहन करू शकली असती. माणसं पडतात, मुलींना उशिरा कळतं. पण तिसऱ्या आठवड्यात, बाबांची जीभ थोडी वळायला लागली तेव्हा, शैलाआत्या — बाबांची बहीण, तेव्हापासून येरवड्याला राहायला आलेली — म्हणाली, "सारखं साडेचार, साडेचार करतो गं. चहाची वेळ विचारतो वाटतं." आणि मैत्री हातातलं संत्रं सोलायची थांबली. कारण तिला खोली दिसली. टेबल, त्यावर पडदा, आणि जिथं ते सापडले ती जमीन, पलंग आणि टेबल यांच्या मधली. तिथून पडदा दिसतो. डाव सुरू होतायत, संपतायत, आणि हा माणूस, ज्यानं पाच दिवस घड्याळ लावून वेळा लिहून काढल्या होत्या, पडल्या पडल्या त्या पडद्याकडे बघतोय. साडेपाच तास. त्याला ठाऊक आहे की चार-पस्तीसला हे बंद पडणार. बंद पडलं की तिकडे ठिपका विझणार. आज परत लावायला कुणी नाही. ठिपका लागला नाही की मैत्रीला कळेल. मैत्री बघतच असते.

आणि चार-पस्तीसला तो बंद पडला, अगदी वेळेवर.

हे तिनं कुणालाही सांगितलेलं नाही. चेतनलाही नाही. साडेचार म्हणजे चहाच, असं ती आत्याला म्हणाली.

फोन थरथरला तेव्हा तीन वाजून गेले होते. जयसिंग, टीमचा प्रमुख, सदाशिव पेठेतला, आवाज कायम सर्दी झाल्यासारखा.

"मेमरीची गळती सापडली म्हणे. अभिनंदन. आपली स्वतःचीच निघाली हे उत्तम, भांडायला दुसरीकडे जायला नको."

"सर, एक विचारायचं होतं. आता खेळ आठ-आठ दिवस चालेल. बंद पडणारच नाही."

"त्यालाच आपण दुरुस्ती म्हणतो."

"म्हणजे समोर माणूस नसला तरी ठिपका हिरवा राहणार. आत्तापर्यंत निदान साडेचारला..." ती थांबली. "अर्धा तास माउस हलला नाही तर ठिपका पिवळा करता येईल. दोन दिवसांचं काम आहे, मी करते."

"मॅडम, ठिपका म्हणजे कनेक्शन. माणसाची हमी आपण कुणाला दिली होती?"

मग तो घसा साफ करून जरा मऊ आवाजात म्हणाला, "तुमचं म्हणणं चूक नाही. पण या व्हर्जनला नको. नंतर बघू."

तो सहज म्हणाला. सगळेच सहज म्हणतात. सव्वाचारला मैत्रीनं पाठवायचं बटण दाबलं — निळी रेघ जाऊन तिथं 'पोचले' असं आलं, आणि काहीच झालं नाही, कबुतर गॅलरीत होतं तसंच होतं. दुरुस्त झालं. जुलैतच दुरुस्त केलं असतं तर? तर ठिपका त्या दिवशी विझलाच नसता, सातला फोन केला नसता, दुसऱ्या दिवशीही हिरवाच दिसला असता, आणि... आणि दुरुस्त केलं नाही म्हणून विझणं रोजचं झालं होतं, म्हणून त्या दिवशीचं विझणं विझणं वाटलं नाही. दोन्हीकडून तीच. तिनं हे रोज उलटसुलट करून बघितलं होतं, नाण्याला दोन्ही बाजूंना तिचाच चेहरा.

चार-पस्तीसला तिनं येरवड्याला फोन लावला. गेले दोन महिने ती रोज याच वेळेला लावायची. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. त्या दिवशी जो लावायला हवा होता तोच परत परत लावत असावी.

"झोपलाय गं," शैलाआत्या म्हणाली. रोजच्यासारखी.

मागे टक असा आवाज झाला. मग पुन्हा, टक. स्ट्रायकर. डाव्या हाताला सवय व्हावी म्हणून बाबांना जुना कॅरमबोर्ड काढून दिला होता.

"आत्या, जागे आहेत ते."

आत्या आवाज खाली आणून म्हणाली, "काय सांगू तुला, मैत्रे. चार वाजल्यापासून घड्याळाकडं बघत बसतो. वाजला की कान देऊन ऐकतो. आणि मी फोन देऊ का म्हटलं तर मान हलवतो, नको. वर मी उचलला म्हणून माझ्यावरच डोळे वटारतो. मी काय करायचं? वाजू देऊ?"

उचलतेस कशाला.

मैत्री फोन कानाला धरून उभी राहिली. रागावलेत ते — हे तिनं गृहीत धरलं होतं, त्या रागाची तिला सवय झाली होती, त्याच्यात एक प्रकारचा आधारही होता. आणि आता हे. कान देऊन ऐकतात. म्हणजे बोलायचं नाहीये, की बोलायची गरज नाहीये? दोन रिंग वाजल्या, पोरीनं आठवण ठेवली, टोन आहे... असं असेल? की तिला तसं हवंय म्हणून ती तसं वाचतेय, जसा तिनं तो ठिपका वाचला होता? वाजू दे, असं आत्याला सांगायला तिनं तोंड उघडलं आणि सांगता येईना. त्या घरात वाजत राहणारा, कुणीच न उचललेला फोन. सात वाजताचा. तो तिला परत ऐकवणार नव्हता.

"उद्या सांगते," ती म्हणाली आणि लगेच तो शब्द तिच्या तोंडात कडू झाला. "नाही, थांब. आत्ता येतेच मी. तासाभरात. त्यांना सांगू नकोस."

"बरं," आत्या म्हणाली. "येताना मंडईतनं लिंबं आण."

सुशीलाबाई पायलला टोपडं घालत होत्या. निघायच्या आधी एक काम राहिलं होतं: नवं व्हर्जन उघडलं की खेळाडूंना पहिल्यांदा दिसते ती खिडकी, तिच्यातला मराठी मजकूर नेहमी मैत्रीच लिहायची. 'मेमरीची गळती दुरुस्त केली आहे', एवढं जयसिंगला पुरे होतं. तिनं ते लिहिलं. वाडग्याखालून चिठ्ठी काढून निवारणाच्या रकान्याकडे बघितलं, पेन उचललं, ठेवलं. मग उभ्या उभ्याच, पायल पदर ओढत असताना, तिनं खाली आणखी लिहिलं. जयसिंग उद्या काढून टाकेलही, पण लिहिताना तिला पहिल्यांदाच असं वाटलं की ती कुणाला तरी खरोखर फोन लावतेय —

यापुढे खेळ आपोआप बंद पडणार नाही. म्हणून सांगते. तुमच्या यादीत एखादं नाव सकाळपासून हिरवं असेल, रोजच असतं म्हणून तुम्ही तिकडे नीट बघत नसाल, तर ठिपक्यावर जाऊ नका. त्या माणसाला आत्ता एक फोन करा. उचलला नाही तर जाऊन या.